वय एकतीस, धाकटा दोन वर्षांचा : सुईणकामाचे शिक्षण आणि घरचा हिशेब

अकोल्याचे एक टेलर आमच्या परिचयाचे आहेत. दुकान लहान, मशीन दोन, हाताखाली एक कारागीर. पत्नी घरी साड्यांचे फॉल-पिको करते. मागे दुकानावर बसलो असता त्यांनी विचारले, "जनाब, आमच्या घरच्या बाळंतपणाच्या नर्सचा कोर्स करायचा म्हणतात. बारावी झालेल्या आहेत, उर्दू ज्युनिअर कॉलेजातून. मोठी मुलगी पाच वर्षांची, मुलगा दोनचा. आम्ही म्हटलं, मुलगा पहिलीत जाऊ द्या, मग पाहू. तुमचं काय मत?"

आम्ही भाभींचे वय विचारले. एकतीस.

मग कॅश मेमोच्या पाठीवरच हिशेब मांडला. मुलगा आज दोनचा. पहिलीत जाईल सहाव्या वर्षी, म्हणजे चार वर्षांनी. तेव्हा भाभी पस्तीस वर्षांच्या असतील. सुईणकामाच्या सरकारमान्य शिक्षणाला, म्हणजे ज्याला सर्वजण एएनएम म्हणतात त्याला, प्रवेशाची कमाल मर्यादा पस्तीस वर्षांची आहे. म्हणजे ज्या दिवशी घर मोकळे होणार, त्याच सुमारास शाळेचे दार बंद होणार. टेलर साहेबांनी कात्री खाली ठेवली आणि म्हणाले, "हे तर आम्हाला कोणी सांगितलंच नाही."

असा प्रश्न एकट्या टेलर साहेबांचाच नाही. अमरावतीच्या गल्ल्यांत, बाळापूर-अकोटात, अचलपूरच्या मोमीनपुऱ्यापासून बडनेऱ्यापर्यंत, बारावी झालेल्या, लग्नानंतर घरी राहिलेल्या आणि आता संसाराला हातभार लावू पाहणाऱ्या भगिनी आज पुष्कळ आहेत. म्हणून हा विषय या पानावर सविस्तर घेत आहोत. नोकरीची जाहिरात म्हणून वाचू नये. हा एक हुनर आहे. तो शिकायला काय लागते, किती लागते आणि घराने काय सोसावे लागते, एवढेच येथे सांगायचे आहे.

पूर्वी हा हुनर घरातच होता

चौदाव्या शतकातील विद्वान इब्ने खल्दून यांनी आपल्या 'मुकद्दिमा' या ग्रंथात माणसाच्या निरनिराळ्या कारागिऱ्यांवर प्रकरणे लिहिली आहेत. शेती, बांधकाम, सुतारकाम, मग विणकाम व शिवणकाम, आणि त्याच्या लगेच पुढे सुईणकाम, त्यानंतर वैद्यकी. ग्रंथाचा पहिला खर्डा १३७७ सालचा. सुईणकाम ही समाजाला आवश्यक आणि प्रतिष्ठेची कारागिरी आहे आणि ती बहुतेक स्त्रियांच्याच हाती असते, असे त्यांनी नमूद केले. शिवणकामाला लागून सुईणकाम आले हे ऐकून टेलर साहेब खूष झाले, ती गोष्ट वेगळी.

आपल्या मोहल्ल्यांतील दाई याच अर्थाने कारागीर होती. सासूकडून सुनेने, आईकडून मुलीने शिकायचे, उस्ताद-शागिर्दीचाच प्रकार. या पद्धतीत एक मोठी सोय होती. काम चार घरांच्या अंतरावर असे. स्वतःचे मूल कडेवर घेऊन दाई बाळंतिणीच्या घरी जाई, किंवा ते शेजारी ठेवून जाई. शिकायला वेगळे वर्ष काढावे लागत नसे, मूल मोठे होण्याची वाट पाहावी लागत नसे. उलट दोन-तीन मुलांची आई म्हणजे भरवशाची दाई, असाच समज होता.

तथापि या पद्धतीचा दोष लहान नव्हता. नाळ कापण्याचे हत्यार, हात, धागा यांतून धनुर्वात होऊन बाळे दगावत. रक्तस्राव सुरू झाला तर दाईजवळ उपाय नसे. अंगावर सूज येऊन बाळंतिणीला झटके आले तर ती बाहेरची बाधा समजली जाई. इंग्रजी अमलात १८८५ साली लेडी डफरीन यांनी हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची मदत मिळावी म्हणून फंड उभारला. अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला आजही लोक 'डफरीन' म्हणतात, ते त्यांचेच नाव. अकोल्याच्या स्त्री रुग्णालयाला जुनी माणसे 'लेडी हार्डिंग' म्हणतात. १९०३ साली लेडी कर्झन यांनी दायांनाच शिकवण्यासाठी व्हिक्टोरिया मेमोरियल शिष्यवृत्ती फंड काढला. आपल्या महाराष्ट्रात पुण्याच्या सेवासदनने, म्हणजे रमाबाई रानडे यांच्या संस्थेने, १९०९ नंतर स्त्रियांना परिचारिका आणि सुईण होण्याचे शिक्षण मिळवून दिले. त्याआधी महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई लग्नानंतर नागपूरला जाऊन सुईणीचे शिक्षण घेऊन आल्या होत्या. संसारी बाईने हे शिक्षण घेणे ही काही आजची नवलाई नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारने दायांना तालीम दिली. १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेत ही तालीम तीस दिवसांची होती. आठवड्यातून दोन दिवस केंद्रात, बाकीचे दिवस आरोग्य सेविकेबरोबर गावात. तीनशे रुपये विद्यावेतन आणि शेवटी एक दाई-पेटी. शिकवणीचा गाभा पाच स्वच्छतांचा: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवे ब्लेड, नाळ बांधायला स्वच्छ धागा, आणि नाळेच्या टोकाला शेण, राख, हळद काहीही न लावणे. या स्वच्छतेने, आणि गरोदरपणी दिलेल्या धनुर्वाताच्या इंजेक्शनाने, इतका फरक पडला की २०१५ साली भारतातून माता व नवजात बालकांचा धनुर्वात हद्दपार झाल्याचे जाहीर झाले.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि सरकारचे धोरण फिरले. बाळंतपण दवाखान्यातच व्हावे, यावर भर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील शंभरपैकी जवळपास ९५ बाळंतपणे दवाखान्यात झालेली आढळली. मातामृत्यूही खाली आले; २०१८-२० च्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३, तर देशात ९७. हे सर्व चांगलेच झाले. पण दाईचे काम मालीश, शेक आणि बाळाला न्हाऊ घालणे एवढ्यावर आले. हुनर दवाखान्यात गेला आणि त्याबरोबर सर्टिफिकेटही आले. आता तो शिकायचा तर शाळेच्या घड्याळाने शिकावा लागतो, आणि कडेवरच्या मुलाला त्या घड्याळात जागा नाही. आजच्या आईची खरी अडचण ही आहे. तिची अक्कल किंवा हिंमत कमी पडते असे नव्हे.

एएनएम म्हणजे काय

पूर्ण नाव सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका. मुदत दोन वर्षांची. त्यातील शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष कामाचे, म्हणजे इंटर्नशिपचे. प्रवेशासाठी बारावी पास हवी. शास्त्र शाखाच पाहिजे असे नाही, कला शाखेच्या विद्यार्थिनींनाही घेतात. वय किमान सतरा, कमाल पस्तीस. पहिल्या वर्षी सामाजिक आरोग्य, आहार, शरीराची ओळख, लसीकरण, साथीचे रोग, प्रथमोपचार आणि बालकांची शुश्रूषा. दुसऱ्या वर्षी मुख्यतः सुईणकाम आणि आरोग्य केंद्राचा कारभार. महाराष्ट्रात पदविकेची परीक्षा राज्याचे शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते, आणि पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवावे लागते. या नोंदणीशिवाय सर्टिफिकेट म्हणजे नुसता कागद.

याच्या वरची पायरी जीएनएम, तीन वर्षांची. तिलाही वयाची मर्यादा पस्तीसच आहे. पण येथे एक बारकावा आहे, तो फार थोड्यांना ठाऊक असतो: भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे जी आधीच नोंदणीकृत एएनएम आहे तिला जीएनएमला जाताना वयाची अट लागत नाही. म्हणजे पस्तिशीच्या आत एएनएममध्ये पाऊल टाकले, की पुढचे दार वयाच्या कारणाने बंद होत नाही. मुले मोठी झाल्यावर, चाळिशीत, पुढे शिकता येते. त्याच्याही पुढे २०१८ साली केंद्र सरकारने सुईण-सेवांची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या अनुभवी परिचारिकांसाठी दीड वर्षाचे खास सुईणकामाचे शिक्षण ठेवले आहे. ते घेतलेली परिचारिका साधे बाळंतपण स्वतःच्या जबाबदारीवर पार पाडू शकते. शेजारच्या तेलंगणात करीमनगरला त्याआधीच, २०१७ साली, सरकारी परिचारिकांना असे शिक्षण द्यायला सुरुवात झाली होती.

लेबर रूममध्ये काय शिकतात, हे कारागीर वाचकांना आवडेल म्हणून थोडे सांगतो. बाळंतिणीच्या नावाचा एक तक्ता असतो, पार्टोग्राफ. आपल्याकडे जॉब कार्डावर कामाची वेळ लिहितात तसा. कळांचा जोर, बाळाच्या हृदयाचे ठोके दर अर्ध्या तासाने, पिशवीचे तोंड किती सेंटिमीटर उघडले ते दर चार तासांनी, अशा नोंदी त्यावर होतात. तक्त्यावर दोन तिरप्या रेषा छापलेल्या असतात. नोंदीची रेघ पहिलीच्या उजवीकडे सरकली की सावध व्हायचे, दुसरीला लागली की डॉक्टरांनी निर्णय घ्यायचा. जुन्या दाईला जे अंदाजाने, अनुभवाने कळे किंवा कळत नसे, ते या कागदावर दिसते. मूल बाहेर येताच आईला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन, म्हणजे गर्भाशय आकसून रक्तस्राव आवरतो. मूल रडले नाही तर पहिल्या मिनिटातच त्याला पुसून, चोळून, गरज पडल्यास पिशवी-मास्कने श्वास द्यायचा. हात एक आणि निर्णय एक, आणि वेळ साठ सेकंद. ज्याने तापलेल्या लोखंडावर काम केले आहे त्याला यातले मर्म समजेल.

वेळेचा हिशेब

पैशाच्या आधी वेळेचा हिशेब मांडावा असे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण बहुतेक घरे येथेच चुकतात. परिषदेच्या नियमाप्रमाणे परीक्षेला बसायला लेखी विषयांत आणि प्रात्यक्षिकांत ऐंशी टक्के हजेरी पाहिजे, मग गैरहजेरी कोणत्याही कारणाची असो. आणि पदविका हाती पडण्याआधी प्रात्यक्षिकांची हजेरी शंभर टक्के भरून द्यावी लागते. म्हणजे मुलाला ताप आला म्हणून राहिलेले वॉर्डाचे चार दिवस माफ होत नाहीत, ते पुढे भरावेच लागतात. मुले रात्रीही जन्मतात, म्हणून रात्रपाळी टळत नाही. सामाजिक आरोग्याच्या कामासाठी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गावी जावे लागते, कधी मुक्कामही पडतो.

हे ऐकून टेलर साहेब गप्प झाले. मग म्हणाले, "अम्मी सांभाळतील." आम्ही विचारले, अम्मींचे वय? बासष्ट, आणि गुडघे दुखतात. दोन वर्षांचा मुलगा दिवसभर धावतो. आजीच्या जिवावर सगळा भार टाकून कोर्स सुरू करणाऱ्या एकीची हकीकत आमच्या शेजारातच घडली आहे. तिसऱ्या महिन्यात आजी आजारी पडल्या, बाईची हजेरी गेली, वर्ष गेले, भरलेली फीही गेली. दोष कोणाचाच नव्हता; बदली माणूस ठरवलेला नव्हता एवढेच.

ज्या घरांत हे जमते तिथे आम्ही एक गोष्ट पाहिली आहे: तिथे नवऱ्याच्या धंद्याची वेळ बदललेली असते. दुकान रात्री अकराऐवजी नऊला बंद होते. रात्रपाळीच्या आठवड्यात मुलांना जेवू घालून झोपवण्याचे काम वडिलांचे. सकाळी मुलीला शाळेत, मुलाला तीन वर्षांचा झाला की अंगणवाडीत सोडायचे काम वडिलांचे. टेलरच्या धंद्यात ईदच्या आधीचा महिना आणि लग्नसराई ही कमाईची वेळ. नेमक्या त्या वेळी तिची परीक्षा आली तर काय, हे प्रवेशाच्या आधी बोलून घ्यावे. त्या दोन महिन्यांसाठी एखादी जवळची आपा, खाला किंवा शेजारीण पगार ठरवून ठेवावी. नात्यात पैसे कसे द्यायचे, असा संकोच आपल्याकडे असतो. तो धरला तर तिसऱ्या महिन्यात रुसवे सुरू होतात. पगार ठरवलेला बरा.

आणखी एक नाजूक गोष्ट. शिक्षणाच्या या दोन वर्षांत पुन्हा बाळंतपण आले तर हजेरीचे गणित कोलमडते. नवरा-बायकोने याचाही विचार आधीच करावा, यापेक्षा जास्त लिहिण्याची गरज नाही.

शाळेने मुलांना जागा द्यायची ठरवली तर काय होते, याचा एक दाखला अफगाणिस्तानचा आहे. २००२ च्या सुमारास त्या सबंध देशात शिकलेल्या सुइणी पाचशेही नव्हत्या. मग तिथे दीड-दोन वर्षांच्या सामुदायिक सुईण शाळा निघाल्या. गावानेच आपल्यातली बाई निवडून पाठवायची, घराची संमती आधी घ्यायची आणि शिकून तिने आपल्याच भागात परत यायचे, अशी रीत. निवडलेल्या पुष्कळजणी लेकुरवाळ्या होत्या, म्हणून अनेक शाळांत राहण्याची आणि मुलांना सांभाळण्याची सोय केली. दहा वर्षांत सुइणींची संख्या काही हजारांवर गेली. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या राज्यकर्त्यांनी मुलींचे हे शिक्षणही बंद केले. याचा भुर्दंड तिथल्या बाळंतिणींना पडणार आहे, कारण काही भागांत पुरुष डॉक्टरकडे त्यांना जाऊ देत नाहीत आणि नव्या सुइणी तयार होत नाहीत. आपल्याकडे शाळा उघड्या आहेत, मुलांना ठेवायला जागा मात्र नाही. अमरावती-अकोल्यातील आपल्या शैक्षणिक संस्था आणि ट्रस्ट यांनी नर्सिंग शिकणाऱ्या आयांसाठी रुग्णालयाजवळ एखादी खोली आणि दोन बायका एवढी व्यवस्था केली, तर ते मोठ्या इमारतीपेक्षा उपयोगी पडेल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पैशाचा हिशेब

फी संस्थेप्रमाणे फार वेगवेगळी असते. सरकारी प्रशिक्षण केंद्रात कमी, जागाही कमी. खाजगी शाळेत जास्त. तेव्हा फी बाजूला ठेवून बाकीचा हिशेब मांडू. समजा फॉल-पिकोतून महिन्याला चार हजार मिळतात. दोन वर्षे ते बुडणार, म्हणजे ९६,००० रुपये. मुलांना सांभाळणाऱ्या नातेवाईक बाईला महिना दीड हजार धरले तर ३६,०००. म्हणजे फीचा एक रुपया न धरता १,३२,००० रुपयांचा खड्डा. गणवेश, पुस्तके, जाणे-येणे वेगळे. जाण्या-येण्याला एक सवलत आहे: मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. बाळापूरहून अकोल्याला किंवा अचलपूरहून अमरावतीला रोज जाणारीला त्याचा मोठा आधार होतो.

आता जमेची बाजू. समजा खाजगी प्रसूतिगृहात सुरुवातीला दहा हजार मिळाले. त्यातून पूर्वीचे चार हजार आणि सांभाळणाऱ्या बाईचे दीड हजार वजा केले तर खरी वाढ साडेचार हजारांची. १,३२,००० चा खड्डा भरायला सुमारे अडीच वर्षे लागतील, आणि फी फेडायला त्याहून पुढे. जिल्हा परिषदेत आरोग्य सेविका म्हणून कायम नेमणूक मिळाली तर सातव्या वेतन आयोगाची श्रेणी २५,५०० पासून सुरू होते, भत्ते वेगळे. मग मूळ पगारातही तोच खड्डा सात महिन्यांत भरतो. पण कायम जागांची भरती रोज निघत नाही आणि मध्ये कंत्राटी नेमणुका पुष्कळ असतात. म्हणून घराचा हिशेब खाजगीच्या आकड्यावर करावा. सरकारी नोकरी लागली तर ती वरची बरकत समजावी.

नेमणुकीबद्दलही माहिती असू द्यावी. मैदानी भागात सुमारे पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र आणि आदिवासी-डोंगरी भागात तीन हजारांना एक, असे प्रमाण आहे. अमरावती जिल्हा परिषदेची आरोग्य सेविका म्हणजे धारणी किंवा चिखलदऱ्याच्या उपकेंद्रातही जाऊ शकते. मेळघाटात काम आहे, गरजही तिथेच सर्वात जास्त आहे; पण दोन मुलांना घेऊन कोरकू गावात राहायचे की नवऱ्याने दुकान अकोल्यात चालवायचे, हा प्रश्न तेव्हा उभा राहतो.

प्रसूतिगृहांना सुइणी लागतात, याला कायद्याचाही आधार आहे. खाजगी रुग्णालयांच्या नोंदणीचा १९४९ चा जो कायदा आपल्या राज्यात आहे, त्यात प्रसूतिगृहात पात्र सुईण आहे की नाही हे पाहण्याची तरतूद आहे. मात्र एएनएम झाल्यावर स्वतःचे प्रसूतिगृह घरात थाटता येईल असे कोणी समजू नये.

पैसे कोठून आणायचे? ज्यांना व्याजाचे कर्ज नको त्यांनी आजपासून भिशी लावावी किंवा नातेवाइकांतून कर्जे हसना घ्यावे. दोन वर्षांची फी हप्त्यांत भरता येते का, हे शाळेत विचारून लेखी घ्यावे. राज्याच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज योजना आहे, व्याज बँकेपेक्षा कमी. तिथलीही वयाची अट अर्ज करण्याआधी वाचून घ्यावी, कारण ती शाळेच्या अटीपेक्षा वेगळी असू शकते.

सहा महिन्यांत नर्स

हा भाग आम्ही रागाने लिहीत आहोत, वाचकांनी माफ करावे. चौकाचौकात 'सहा महिन्यांत नर्स', 'दहावी पास-नापास चालेल', 'शंभर टक्के नोकरी' अशा पाट्या लागतात. आमच्या नात्यातल्या एका मुलीने असाच एक वर्षाचा कोर्स केला. पैसे चांगले मोजले. हाती जे सर्टिफिकेट पडले त्याची परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, हे तिला नोकरी मागायला गेल्यावर कळले. दवाखान्याने ठेवून घेतले, पण आयाच्या पगारावर. लेबर रूममध्ये ती पुसायला जाते, बाळंतपण करायला नाही. रुग्ण सांभाळण्याचे लहान कोर्स आपल्या जागी ठीक असतील, पण त्यातून सुईण होत नाही. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: शाळेला चालू वर्षाची परिषदेची मान्यता आहे का, परीक्षा राज्याचे मंडळ घेते का, आणि प्रात्यक्षिकासाठी कोणते रुग्णालय आहे. तिसरा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. ज्या शाळेच्या रुग्णालयात बाळंतपणेच होत नाहीत, तिथे सुईणकाम फळ्यावर शिकवतात.

गणवेश आणि ओढणीबद्दल भगिनी विचारतात. प्रत्येक संस्थेची पद्धत वेगळी, प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट विचारावे. एक मात्र सगळीकडे सारखे: लेबर रूममध्ये हात कोपरापर्यंत उघडे ठेवून धुवावे लागतात, बांगड्या-घड्याळ काढावे लागते. हा जंतूंपासून बचावाचा नियम आहे.

पस्तिशी ओलांडली असेल तर

अशा भगिनींना आशा कार्यकर्ती हा मार्ग आहे. वयाची मर्यादा पंचेचाळीसपर्यंत, काम आपल्याच वस्तीत, तालीम तुकड्या-तुकड्यांनी. पगार नसून कामाप्रमाणे मोबदला मिळतो, हा तिचा तोटा. ती बाळंतपण करत नाही, पण बाळंतिणीला दवाखान्यात नेते आणि नंतर घरी जाऊन बाळ तपासते: दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. ही पद्धत आपल्या विदर्भातलीच आहे. गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना बाळाचे वजन, श्वास, ताप पाहायला शिकवले. हजार जन्मांमागे महिन्याच्या आत दगावणारी बाळे ६२ होती, ती २५ वर आली. हा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि पुढे देशभर आशांना हेच शिकवले गेले.

ज्यांची बारावी राहिली आहे पण वय तिशीच्या आत आहे, त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी द्यावी. अमरावती विभागीय मंडळात पाचही जिल्ह्यांची सोय आहे. त्यात जाणारा काळ पस्तिशीतून वजा करून मग ठरवावे.

कागदपत्रे

टेलर साहेबांकडे आम्ही परत गेलो तेव्हा भाभींनी कागद काढून ठेवले होते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, रहिवासी दाखला. मोमीन, पिंजारी यांसारख्या ज्या बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, त्यांनी जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर आधीच काढावे. तहसीलच्या रांगेत वेळ जातो. भाभींच्या कागदांत घोटाळा निघाला तो नेहमीचाच. गुणपत्रिकेवर नाव वडिलांचे, आधारवर नाव नवऱ्याचे, आणि उर्दू शाळेच्या दाखल्यावर नावाचे स्पेलिंग तिसरेच. निकाहनामा आहे, पण विवाह नोंदणीचे महानगरपालिकेचे प्रमाणपत्र काढलेले नाही. ते प्रमाणपत्र काढायचे, नावातला फरक राजपत्रात जाहीर करायचा, मग जातीचा दाखला, अशा क्रमाने कामाला लागा, असे त्यांना सांगून आलो. पुढच्या प्रवेशापर्यंत हे सगळे हातात पाहिजे.